लुचईची वाफ

प्रिय रीनाताई,

फोन उचलत नाहीस म्हणून शेवटी कागद घेतला. तशीही ही गोष्ट फोनवर बोलता आली नसती. बाबा तिथंच दारात फाटलेलं जाळं घेऊन बसलेला असतो आणि हल्ली त्याला नको तेवढं ऐकू येतं. मी तुझ्यावर रागावले आहे, हे आधीच सांगून टाकते. मायचं दहावं-तेरावं आटोपून तू पुण्याला गेलीस, त्याला तीन महिने झाले. एवढ्या दिवसांत तुझे चार मेसेज, तेही "बरी आहेस ना" एवढेच. अगं, बरी असते तर एवढे फोन केले असते का? तलाव आटत आला आहे, मासोळी भरपूर लागते, पण लाखांदूरच्या बाजारात आता मी एकटीच बसते. बाबा येत नाही. का येत नाही, ते सांगायलाच बसले आहे.

तुला मागची दिवाळी आठवते का? मायच्या बच्चेदानीत कर्करोगाची गाठ नुकतीच निघाली होती, आणि तू ओट्यावर बसून बाबाला तुझ्या प्रयोगशाळेतलं काम समजावत होतीस. कर्करोगाची पेशी साखर हावरटासारखी खाते, हवा मिळत असूनही ती पूर्ण जाळत नाही, तिचं लॅक्टेट करून बाहेर टाकते. मग गाठीभोवती आंबटपणा साचतो आणि शरीराच्या राखणदार पेशी त्यात दमून जातात. बाबाच्या डोक्यात काही शिरेना. तेव्हा तू म्हणालीस, जाळ्यात फार वेळ तडफडलेला मासा लवकर मऊ पडतो ना, त्याच्या मांसातही हेच साचतं. असा खुलला त्याचा चेहरा! जन्मभर तो असला मासा वेगळ्या टोपलीत टाकत आला आहे. त्याला वाटलं, पोरगी पुण्याला जाऊन आपलंच काम करून राहिली.

मग त्यानं विचारलं, रातचा बाशी भात पाण्यात आंबते, तेही हेच काय? तू हसून हो म्हणालीस आणि पुढचं सांगू लागलीस. पण त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं. तो उठून तलावावर गेला. पुढचं ऐकायला मीच तेवढी उरले. खाण्यातली साखर बंद केली म्हणून गाठ उपाशी राहत नाही, तिनं टाकलेल्या लॅक्टेटची यकृत परत साखर करतं, आणि माणूस खाईनासा झाला तर त्याचं मांस झडत जातं. हे मी ऐकलं होतं, ताई.

दिवाळी करून तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मायचा भात बंद झाला. भात आंबते, आंबट गाठीले पोसते, असा त्याचा सरळ हिशेब. "रीनानं सांगतलं हाये," म्हटलं की आमच्या घरात पुढं कोण बोलणार? मी एकदा बोलून पाहिलं, तर म्हणाला, तू बारावी नापास, तू तिले शिकवते काय? मला लागलं ते, आणि मी गप्प बसले. त्याच रागात तुलाही काही कळवलं नाही. तुझंच ऐकून राहिलेत ना, मग ऐका, असं मनात होतं.

माय धानाच्या मुलखातली बाई. अंडी द्या, मासोळीचा रस्सा द्या, दोन घासांत हात धुवायची. बाबा तिच्यासमोर जेवायचा नाही, आपलं भाताचं ताट घेऊन मागच्या आंगणात बसायचा. एकदा चुलीवर लुचईचा भात शिजत होता. माय भिंत धरत धरत आली आणि म्हणाली, "खात नाही वो, वाफ तं घेऊ दे." मी झाकण काढलं. ती डोळे मिटून त्या वाफेत बसून राहिली. मग मी झाकण परत ठेवलं. ताई, मी ते परत ठेवलं. नागपूरच्या दवाखान्यानं वजन घटलं म्हणून दोनदा इंजेक्शन पुढं ढकललं. तू शेवटी आलीस, तिचे हात पाहिलेस आणि म्हणालीस, हा रोग असाच खातो. बाबानं मान हलवली, मीही हलवली.

दहाव्याला भाताचा पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. लोक मायचं नाव घेऊन म्हणाले, तुळसाची काही इच्छा राहिली नव्हती. मी तलावाकडं तोंड करून उभी राहिले.

आता ऐक. बाबाच्या गालात आतून गाठ निघाली आहे. तंबाखूचा खर्रा तुझ्यासमोर सोडला होता, मागं चालूच होता. त्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, भात, वरण, जे गिळता येईल ते पोटभर खा, उपाशी राहून गाठ मरत नाही. बाबानं एकच विचारलं, "बाईमाणसालेही असंच असते काय, साहेब?" डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना सारखंच. त्या दिवसापासून, आज अठरा दिवस झाले, त्यानं भाताला हात लावला नाही. मी वाढते, तो वाफ जिरेपर्यंत ताटाकडं पाहतो आणि ताट सरकवतो. "तिले नाही देल्ला," एवढंच म्हणतो. पुढच्या सोमवारपासून त्याचा इलाज सुरू व्हायचा आहे, आणि वजन आणखी उतरलं तर त्याचंही पुढं ढकलतील. त्या दिवाळीत तू त्याला अर्ध्यावर उठू दिलंस, तो अर्ध्यावर उठला, मी पूर्ण ऐकून गप्प बसले. चूक तिघांची आहे आणि शिक्षा तो एकटाच भोगून राहिला. हे त्याला माझ्या तोंडून पटत नाही. तुझ्या शब्दावर त्यानं भात बंद केला होता, तुझ्याच शब्दावर सुरू करेल. म्हणून रविवारच्या आत ये. काही लपवू नकोस, त्याला सगळं कळलं आहे. फक्त त्याच्या शेजारी बस आणि आधी तू जेव. लुचई निवडून ठेवली आहे, तू दारात आलीस की चुलीवर चढवीन.

तुझीच, अजून रागावलेली,
रंजू