फोर्स पुशची चौकशी

२ नोव्हेंबर, शनिवार

ऑफिसात अखेर माझी किंमत कळली. आमच्या टीमचा लीड नोकरी सोडून गेला, म्हणून साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, रिपॉझिटरी आता कोण सांभाळणार? गिट कोणाला नीट येतं? सगळे टेबलाकडे बघत बसले. माझी मान सकाळपासून अवघडली होती, ती मी नेमकी तेव्हाच मोकळी केली. साहेबांना तो होकार वाटला. वाटू दे. अनुभवी माणसाची मान उगाच हलत नाही.

गिटमध्ये घाबरण्यासारखं काही नाही. आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवते. ऑक्सिजनच्या पाइपातला दाब उतरला की भोंगा वाजवणारं. त्याचा सगळा कोड ऑफिसच्या सर्व्हरवर एका जागी असतो, ती रिपॉझिटरी; तिचा हिशेब ठेवतं ते गिट. सामायिक कपाट म्हणा. प्रत्येकाने त्याची प्रत आपल्या लॅपटॉपवर घ्यायची, काम करायचं, झालेलं काम परत कपाटात ढकलायचं. ढकलणं म्हणजे पुश. शुक्रवारी संध्याकाळी कपाटात जे असेल ते आपोआप हॉस्पिटलला जातं. संपलं.

संकल्प : रोज सकाळी चहाआधी गिटचा अभ्यास.

३ नोव्हेंबर, रविवार

रविवारी अभ्यास केला की तो डोक्यात राहत नाही, असं कुठेसं वाचलंय. उद्यापासून.

४ नोव्हेंबर, सोमवार

चहा आधी झाला.

घसा खवखवतोय. उद्या घरून काम करणार. ऑफिसात एक इंजिनियर आहे, कानांवरून हेडफोन कधी उतरत नाहीत म्हणून त्याला सगळे हेडफोनच म्हणतात. त्याने मला रिमोट अ‍ॅक्सेस लावून दिला. म्हणजे मी घरी बसून ऑफिसच्या सर्व्हरवर हात चालवायचा. जाताना म्हणाला, पुश करायच्या आधी पुल करा हं, म्हणजे इतरांनी केलेलं काम तुमच्याकडे येईल. मी म्हटलं, अर्थातच.

घरी पोचेपर्यंत आठवेना, आधी पुल की आधी पुश. फोन करून विचारणं बरं दिसलं नसतं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी : घरून काम जोरात. भोंग्याच्या स्क्रीनवर एक स्पेलिंग चुकलेलं होतं, ते दुरुस्त करून पुश केलं. सर्व्हरने नाकारलं. लाल अक्षरांत. तुमची प्रत मागे आहे म्हणे. मागे! मी या कंपनीत सर्व्हरच्या आधीपासून आहे.

पुन्हा पुश. पुन्हा नकार. लॅपटॉपवरची प्रत गेल्या उन्हाळ्यातली आहे हे खरं, पण कोड काय दूध आहे नासायला?

जेवणाआधी : इंटरनेटवर उपाय सापडला. कमांडच्या शेवटी force असं लिहायचं. खाली कोणीतरी इशारा दिला होता, तो फार लांबलचक होता. लिहिलं, एंटर दाबलं, सर्व्हर गुपचूप नमला. बायकोला सांगितलं, आज सर्व्हरला सरळ केलं. ती म्हणाली, त्याने काय केलं होतं?

दुपारी : हेडफोनचा फोन. त्याचं कित्येक आठवड्यांचं काम सर्व्हरवर दिसत नाहीये. मी म्हटलं, नेट स्लो असेल.

नंतर तो लांबलचक इशारा वाचला. फोर्स केलं की सर्व्हरवरचं इतरांचं काम बाजूला फेकलं जातं आणि तिथे तुमची प्रत बसते.

घसा एकदम बरा झाला.

६ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसात जावंच लागलं. गेलो नसतो तर संशय आला असता.

मीटिंग. साहेब म्हणाले, काल सर्व्हरवर काहीतरी भलतंच झालंय. मी म्हटलं, हॅकर! जरा मोठ्यानेच निघालं. टेस्टिंगबाई समोरच बसल्या होत्या. कोडमधल्या चुका शोधणं हे त्यांचं काम, माणसांतल्याही त्यांना दिसतात असा मला दाट संशय आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "हॅकर आला आणि स्पेलिंग दुरुस्त करून गेला?"

बाहेर जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं. परत आलो तोवर चौकशी समिती नेमून झाली होती. अध्यक्ष मी. सदस्य कोणी नाही. सोमवारी अहवाल द्यायचा. तोवर माझा सर्व्हरचा प्रवेश बंद. साहेब म्हणाले, अध्यक्षांनी तटस्थ असावं.

म्हणजे माझ्यावर कोणाचाच संशय नाही. उलट विश्वासच. तरी जेवणाचा डबा तसाच परत आणला.

हेडफोन दिवसभर पायाने ताल धरून काम करत होता. एवढं काम पुसलं गेलेला माणूस गाणी ऐकतो? नोंद घेतली आहे.

७ नोव्हेंबर, गुरुवार

काल संध्याकाळी दादा स्टुलावर चढून पडदा लावत होता, तिथून पडला. खुब्याचं हाड मोडलं. शनिवारी सकाळी ऑपरेशन. वहिनीने फोनवर हॉस्पिटलचं नाव सांगितलं आणि मी खुर्चीत बसलो होतो तिथेच अजून खाली बसलो.

ते आमचंच हॉस्पिटल. आमचा भोंगा.

नीट लिहून काढतो, म्हणजे भीती कमी होईल. उन्हाळ्यातल्या कोडमध्ये एक चूक होती. दाब एकदम उतरला तर भोंगा वाजायचा, हळूहळू उतरला तर वाजायचाच नाही. टेस्टिंगबाईंनी ती शोधली, सगळ्यांनी मिळून दुरुस्त केली. ती दुरुस्ती मी मंगळवारी फेकून दिली. उद्या संध्याकाळी तो चुकीचा कोड हॉस्पिटलला जाणार. परवा सकाळी दादा टेबलावर.

लिहून भीती कमी होत नाही.

साहेबांच्या केबिनपर्यंत गेलो. सगळं सांगायचंच असं ठरवून गेलो. त्यांनी वर बघून विचारलं, काय हवंय? मी म्हटलं, स्टेपलर.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी मेल लिहिला. 'मंगळवारी झालेल्या प्रकाराबाबत' असा विषय. पहिलं वाक्य, 'सदर प्रकार एका वरिष्ठ व्यक्तीच्या हातून घडल्याचं समितीच्या लक्षात आलं आहे.' पाठवला नाही. आधी पुरावे भक्कम हवेत.

सर्व्हर बघायची सोय नाही. टेस्टिंगबाईंच्या मागे उभा राहून त्यांच्या स्क्रीनवर काही दिसतंय का बघितलं. त्या वळून म्हणाल्या, "काही सांगायचंय का तुम्हाला?" मी म्हटलं, अध्यक्ष प्रश्न विचारतात, उत्तरं देत नाहीत. त्या म्हणाल्या, "बरं. मग विचारा." पंखा जरा कमी करू का, असं विचारलं.

संध्याकाळी टाचणी पडल्यासारखा छोटा आवाज करून सर्व्हरने नवी आवृत्ती पाठवली. हेडफोन म्हणाला, गेली. आणि बॅग उचलून घरी गेला. मी तिथेच उभा.

दादाने मला पोहायला शिकवलं. पोटाखाली हात धरायचा. सोडू नकोस म्हटलं की म्हणायचा, नाही सोडत. आणि नाही सोडायचा. हे आज का आठवतंय कळत नाही.

संकल्प : सॉफ्टवेअर वाजलं नाही तर माणसाने वाजावं. येताना खेळाच्या दुकानातून शिट्टी घेतली. दुकानदाराने विचारलं, कुठल्या संघाचे कोच? मी म्हटलं, आहे एक.

९ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ, हॉस्पिटलच्या बाकावरून

दादाला आत नेलं. जाताना म्हणाला, एवढा पांढरा का पडलास, ऑपरेशन माझं आहे. वहिनी म्हणाली, याला लहानपणापासून दुसऱ्याचं दुखणं सोसवत नाही. मला मान वर करता येईना.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर भिंतीवर ऑक्सिजनचा डबा आहे, काचेमागे दाब दाखवणारा काटा. खाली आमच्या कंपनीचं स्टिकर. मी काट्यासमोर उभा राहतो. सिस्टर दोनदा म्हणाल्या, काका, बसून घ्या. मी म्हटलं, इथे उभं राहिलं की मला बरं वाटतं.

काटा स्थिर आहे.

स्थिर आहे.

उतरतोय की काय?

तीच सकाळ, थोड्या वेळाने

उतरला. थोडा, पण उतरला. अगदी हळू. तशाच रीतीने, ज्या रीतीने भोंगा वाजत नाही. आणि भोंगा वाजला नाही. मी शिट्टी काढली आणि जीव खाऊन फुंकली.

चार दारं उघडली. दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय, लिफ्टचा तंत्रज्ञ आणि कोणाचे तरी सासरे धावत आले. मी काट्याकडे बोट दाखवलं. हॉस्पिटलच्या गॅसचं काम बघणारा माणूस आला, त्याने काटा बघितला, मग मला बघितलं. म्हणाला, "अहो, शेजारच्या थिएटरात व्हेंटिलेटर सुरू केला की एवढा हलतोच. दिवसभर हलत असतो."

सिस्टरांनी शिट्टी काढून घेतली. मला खालच्या मजल्यावर पाठवलं. वहिनीने फक्त पाण्याची बाटली पुढे केली. ते सगळ्यात वाईट.

खालून काटा दिसत नाही.

दादा आत, काटा वर, शिट्टी सिस्टरांच्या खिशात. आता माझ्या हातात फक्त फोन. पहिला फोन चुकून प्लंबरला लागला. दुसरा टेस्टिंगबाईंना. त्या हॅलो म्हणायच्या आधी मी म्हणालो, "मी केलं. फोर्स. मंगळवारी. जुनी प्रत गेलीय हॉस्पिटलला, भोंगा वाजणार नाही, माझा भाऊ आत आहे, काहीतरी करा."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मी दचकलो.

त्या म्हणाल्या, "आधी बसा कुठेतरी. बसलात? काही गेलेलं नाही. मी मंगळवारीच संध्याकाळी परत लावलंय."

म्हटलं, कसं? सगळं तर पुसलं गेलं होतं.

"अहो, प्रत्येकाच्या लॅपटॉपवर अख्खी रिपॉझिटरी असते, जुन्या इतिहासासकट. माझ्याकडची ताजी होती, ती परत ढकलली. हेडफोनचंही काम त्यात होतं. काल हॉस्पिटलला गेलं ते बरोबर गेलं. जाण्याआधी मी भोंगा तीन वेळा वाजवून बघितला."

म्हटलं, आणि मी केलं हे तुम्हाला...

"सर्व्हर लिहून ठेवतो ना, कोणी ढकललं ते. नाव, वेळ, सगळं. बुधवारी तुम्ही तोंड धुवायला गेलात तेव्हा सांगितलं मी सगळ्यांना. साहेब म्हणाले, त्यांना स्वतःहून सांगू द्या."

मला राग आला. म्हटलं, मग मला कोणी का नाही सांगितलं?

त्या म्हणाल्या, "तुम्ही समितीचे अध्यक्ष होतात. अध्यक्षांना चौकशीतलं बाहेरून कसं सांगायचं?" मग आवाज बदलून म्हणाल्या, "आणि भावाचं ऑपरेशन त्याच हॉस्पिटलला आहे हे आम्हाला कुठे माहीत होतं? गुरुवारी नुसतं तेवढं बोलला असतात तरी मी सांगितलं असतं हो. एवढे दिवस असे काढलेत?"

डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. हॉस्पिटलांत फिनाइल फार वापरतात.

दुपारी

दादा बाहेर आला. ऑपरेशन छान झालं. भूल कमरेखालीच दिलेली होती, कान शाबूत होते. पहिलं वाक्य, "शिट्टी कोण वाजवत होतं? डॉक्टरही थांबले क्षणभर." वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, सगळं सांगितलं, स्टेपलरसकट. दादा हसायला लागला. मग हसताना दुखतं म्हणून मला बाहेर काढलं.

१० नोव्हेंबर, रविवार

थंड डोक्याने विचार केला. शिट्टीमुळे हॉस्पिटलची सावधगिरी तपासली गेली, हे कोणी बोलत नाही. लोक खरोखर धावत आले. तसंच, माझ्या फोर्समुळेच कंपनीला कळलं की प्रत्येकाकडे पूर्ण प्रत असते. निदान मला कळलं.

अहवाल लिहायला घेतला. पहिली तीन पानं प्रस्तावना झाली. बायकोने वाचली आणि म्हणाली, यात तू कुठे आहेस? मी म्हटलं, येतोय. ती म्हणाली, लवकर ये.

तीन पानं फाडली.

११ नोव्हेंबर, सोमवार

मीटिंगमध्ये अहवाल वाचून दाखवला. एकच ओळ : मी केलं, न विचारता केलं आणि घाबरून लपवलं. हेडफोनने पहिल्यांदाच कानावरचे हेडफोन काढले. टेस्टिंगबाईंनी दादाची चौकशी केली. साहेब म्हणाले, ठीक आहे, समिती बरखास्त. मी निदर्शनास आणलं की गुन्हेगार आठवड्याच्या आत सापडला, हे समितीचं यश मानायला हवं. कोणी विरोध केला नाही.

रिपॉझिटरी आता टेस्टिंगबाईंकडे. मला नवा प्रवेश मिळाला आहे, फक्त बघण्याचा. सगळं दिसतं, कशालाही हात लावता येत नाही. डायरेक्टर लोकांचं असंच असतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर सहज एक पुश करून बघितलं. सर्व्हरने लिहिलं, परवानगी नाही.

पुन्हा करून बघितलं. पुन्हा, परवानगी नाही.

लॅपटॉप बंद केला. जेवलो. पोटभर जेवलो.