धुण्याच्या मशीनवर कात्रीची धार

ती. ताईस,

वाकून नमस्कार (गुडघा वाकू देतो तेवढाच, गोड मानून घे). तुझं ब्लडप्रेशर ताळ्यावर असेल अशी आशा आहे. नसेल तर आधी गोळी घे आणि मग पुढचं वाच.

मी चालतं वॉशिंग मशीन मोडलं, असं तुझ्या भावजयीने तुला फोनवर सांगितल्याचं कळलं. त्यातला ‘चालतं’ हा शब्द खोटा आहे. दुरुस्तीवाल्याने आत डोकावून, घरात कुणी गेल्यासारखा आवाज काढून, टब सडलाय, भंगारात द्या, असं स्पष्ट सांगितलं होतं. पण जाता जाता तो म्हणाला, “मोटर मात्र ठणठणीत आहे हो!” आता ताई, कचेरीतून निवृत्त होऊन आठ महिने झालेल्या माणसासमोर असलं वाक्य बोलायचं असतं का? संध्याकाळपर्यंत मोटर मागच्या पडवीत आणि बाकीचं मशीन सगळ्या घरभर, अशी वाटणी झाली.

मला धार लावायचं यंत्र करायचं होतं (हेतू शुद्ध होता, हे आधी लिहून ठेव). बाजारामागचा धारवाला थकल्यापासून गल्लीत येत नाही, आणि हिची शिवणकामाची मोठी कात्री कापड कापायच्या ऐवजी नुसती चावायची. ती तिच्या आईची. मी मोटरीवर दगडी चाक बसवलं, स्टुलावर ठोकलं आणि बटण म्हणून मशीनचाच टायमर जोडला. पहिल्या दिवशी स्टूलच चालायला लागलं. ते थेट स्वयंपाकघराकडे निघालं होतं, पण वायर ताणून प्लग आपोआप निघाला. (त्या दिवशी घरात अक्कल होती ती एकट्या प्लगला.) मग सगळं जड टेबलावर आवळून बसवलं आणि कात्री लावली. झकास ठिणग्या उडाल्या! पण टायमर शेवटी धुण्याचा. चाक अर्धा मिनिट उजवीकडे फिरलं, दम खाल्ला आणि एकदम डावीकडे फिरलं. कात्रीला हिसका बसला आणि पात्याच्या टोकाचा नखाएवढा लचका गेला. ही दारातच उभी होती. “आईची होती,” एवढंच म्हणाली आणि आत गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी कात्री फडक्यात गुंडाळून धारवाल्याकडे गेलो आणि खरं काय ते सांगून टाकलं. म्हातारा काठी टेकत घरी आला, यंत्र पाहून ठसका लागेपर्यंत हसला आणि म्हणाला, “या मोटरीला धुवायची खोड आहे, आधी ती मोडा.” त्याने टायमर काढायला लावला, साधं बटण बसवलं, पट्टा बदलून चाकाचा वेग निम्म्यावर आणला आणि मशीनच्याच नळीतून दगडावर पाण्याची बारीक धार सोडली. मग माझे हात आपल्या हातात धरून त्याने दोन तास पातं घासलं. कात्री बोटभर आखूड झाली खरी. हिने दुहेरी कापड घेतलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता कापत नेलं. “हाताला हलकी झाली,” म्हणाली. मी पडवीत जाऊन डोळे पुसले (दगडाची धूळ फार उडते).

असो. आता हे उद्योग कायमचे बंद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तुझा टेबलफॅन मागच्या खेपेला जरा घरघरत होता. त्याचं काय झालं? सहज विचारतोय.

ता. क. वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून या दोन ओळी माझ्या. निवृत्त झाल्यापासून हे खिडकीशी बसून नुसते रस्ता बघत असत. हल्ली गल्लीतल्या बायका कात्र्या घेऊन येतात, आणि हे दोन वेळा पोटभर जेवतात. धुणं मी हाताने धुते, माझं काही अडत नाही. तुमचा पंखा नीट चालत असला, तरी बिघडला म्हणून पाठवून द्या.