उशीखालचा चमचा

सोमवार, ३ फेब्रुवारी

शुक्रवारी भाषण. मेले!

पाच मिनिटं, अख्ख्या वर्गापुढे, पहिल्याच तासाला. विषय माझा मीच निवडलाय — ‘शाळा उशिरा का भरावी’. आणि बोलायचं कधी? सकाळी सात वीसला!

ऑक्टोबरात अशीच उभी राहिले होते. तोंडातून शब्दाऐवजी उचकी आली. एक नाही, एकोणीस! कुणीतरी मोबाइलवर टिपलं, वर गाणं चढवलं. अजून मी जेवणाच्या हॉलमध्ये शिरले की कोपऱ्यातून येतंच — ‘हिक्!’ मग मी डबा घेऊन सरळ संडासात जाऊन बसते. सँडविच तिथंच खाते. कुणाला सांगितलेलं नाही.

आजारी पडावं म्हटलं, तर नऊ खाडे आधीच झालेत. दहावा पडला की आईबाबांना न्यायाधीशापुढे उभं राहावं लागेल. शाळेचं तसं पत्र आलंय. आईनं ते फ्रिजवर लावलंय, माझ्या भावाच्या, ट्रेंटच्या, प्रशस्तिपत्रकांच्या बरोब्बर मधोमध.

तेव्हा उपाय एकच — बर्फ. शाळाच बंद पडली तर खाडा नाही, भाषण नाही, न्यायाधीश नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बर्फ पडावा म्हणून काल रात्री सगळे तोडगे साग्रसंगीत केले. पायजमा उलटा घालून झोपले. उशीखाली चमचा. फ्रिजमधले बर्फाचे खडे संडासात — जितके खडे तितके इंच बर्फ पडतो. गावातली सगळी पोरं करतात. म्हणजे सात-आठ वर्षांची. मी पंधराची आहे, पण अडला हरी!

सकाळी पडदा सारला. ऊन! लख्ख!!

माझ्या पायजम्याच्या शिवणी बघून ट्रेंट म्हणाला, “अगं, दुसरीत आहेस का तू?” मोठा शहाणा! सतरा वर्षांचा, शाळेच्या हॉकी संघाचा गोलरक्षक, गणितात पहिला. आईचं उठता-बसता चालू — “जरा भावाकडे बघ, मार्नी.” बघितलं की. टीशर्ट उलटा घालून नाश्त्याला बसला होता, आणि अक्कल मला शिकवतो!

बुधवार, ५ फेब्रुवारी

काल घरातला बर्फ संपला, म्हणून गोठवलेले मटार टाकले. अख्खी पिशवी. संडास तुंबला. बाबा बाहेर येऊन म्हणाले, “हे कुणी खाल्लं, आणि चावलं का नाही?”

शाळेत समुपदेशक मिस प्रूइटनी बोलावलं. त्यांच्या भिंतीवर नऊ बेडकांचा तक्ता आहे, प्रत्येकाचा मूड वेगळा. “आज तू कोणता बेडूक आहेस?” मी म्हटलं, सातवा, रडणारा. त्या म्हणाल्या, “तो जांभई देतोय गं.” मग दहा मिनिटं आम्ही दोघी त्या बेडकाचं तोंड निरखत बसलो. तास संपला. संडासातलं सँडविच, उचकी, सगळं सांगायचं राहूनच गेलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बाबांनी बटाट्याचं सूप केलं. वाढलं. खण उघडला तर चमचा नाही. एकही!

“मार्नी!!” आई ओरडली. “बाराचा संच होता! ख्रिसमसपासून एकेक गायब होतोय, मला वाटायचं कचऱ्यात जातोय!”

मी एकच घेतला, देवाशपथ! कुणाला पटेल तर ना. शेवटी बाबा डावानं सूप प्यायले, आई कपानं, मी काट्यानं, म्हणजे उपाशीच. ट्रेंट म्हणाला भूक नाही. हल्ली त्याला कधीच भूक नसते. आई म्हणते, उद्या संध्याकाळी कॉलेजचे प्रशिक्षक त्याचा खेळ बघायला येणार ना, म्हणून.

बाबांनी बातम्या लावल्या. सरोवरावरून ढग येतायत, एक-दोन इंच.

“नक्की एक-दोनच?” ट्रेंटनं विचारलं.

एक-दोन इंचांत इथं कुत्रंसुद्धा फिरायचं थांबत नाही. भाषणाचा कागद दहादा वाचला. दहाही वेळा उचकी.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी, सकाळ

चौदा इंच!!!

साडेपाचला शाळेचा फोन — बंद! आज बंद! मी उलट्या पायजम्यात स्वयंपाकघरभर नाचले. बाबांनाही नाचवलं. आई मात्र कपाळाला हात लावून बसली. “बिचाऱ्या ट्रेंटचा सामना गेला गं. हे आता त्याला कोण सांगणार?”

मी सांगते ना! आनंदानं! निघालेच.

शुक्रवार, दुपार

चमचे सापडले.

आरोळी ठोकून ट्रेंटच्या पलंगावर उडी मारली, तर उशीखाली खणखणाट झाला. अकरा. मला हसू फुटलं. त्याला नाही.

“ख्रिसमसपासून ठेवतोय,” म्हणाला. “रोज सकाळी जाग आली की वाटतं, आज नको. आज शाळा नको, सामना नको, काहीच नको.” मग रडायला लागला. ट्रेंट! हमसून हमसून, आणि मध्येच — उचकी.

“आईला सांगू नकोस.”

मी माझा बारावा चमचा आणून त्या अकरांत ठेवला. त्याचा हात घट्ट धरला, आणि आईला हाक मारली.