वाडीतलं ग्रीन

३ फेब्रुवारी, मंगळवार. तिरोडा.
रुचीच्या सोयरिकीची बोलणी छान झाली. मुलगा ओमेश, नागपूरचा, गुणी. त्याचे वडील बिसेन साहेब त्याहून भले, फक्त गोल्फ खेळतात. रुचीने जाताना गाडीतच बजावलं होतं, बाबा, उगाच मोठं बोलू नका. मी बोललो नाही, त्यांनीच विचारलं, पटले साहेब, तुमचा छंद काय? बत्तीस वर्षं कालव्यावर पाणी सोडण्यात गेली, कसला छंद. म्हणून म्हणालो, मीही थोडं गोल्फ खेळतो, घरामागे छोटंसं ग्रीन आहे. ते इतके खूश झाले की एक मार्चला साक्षगंधाची तारीख काढायला येतील तेव्हा काठी घेऊनच येणार.

बायकोने, नूतनने, घरी आल्यावर विचारलं, कोणतं ग्रीन? मागच्या वाडीत तिची वांगी आहेत आणि सरपण. सव्वीस दिवस आहेत, होईल. खोटं बोललो नाही, थोडं आधी बोललो.

५ फेब्रुवारी.
व्हिडिओ पाहिले. ग्रीन म्हणजे सपाट हिरवळ, मधे एक भोक. चेंडू हळूच ढकलायचा, भोकात पडतो. याला पुट म्हणतात. लहान पोरही करेल.
निर्धार: ग्रीन झालं की रोज शंभर पुट.

८ फेब्रुवारी, रविवार.
वांगी काढली. नूतन बोलत नाही.
सुकराम कामाला आला. त्याला एवढंच सांगितलं, जमीन एकदम लेव्हल पाहिजे. त्याने जन्मभर धानाच्या बांध्या, पाणी धरणारी खाचरं, केल्या आहेत, लेव्हल त्याच्याकडून शिकावी. पाणी भरलं, चिखल तुडवला, फळी ओढली, चारी बाजूंनी वीतभर मातीचा बांध, धुरा घातला. पाणी सगळीकडे सारखं उभं. संध्याकाळपर्यंत बोटभरही जिरलं नाही. फार अभिमान वाटला.

१३ फेब्रुवारी.
पाणी बादल्यांनी काढलं, चिखल सुकला. सुकराम म्हणाला, "साहेब, पाणी जायाले तोंड कोठं फोडू?" म्हटलं, फोडायचं नाही, चेंडू बाहेर जाईल. तर म्हणतो, "मंग बांधी कायले बनवून राहिले?" त्याला गोल्फ कळत नाही. या दिवसांत पाऊस कुठला? आणि पाण्याचं मला कोणी शिकवू नये.

१७ फेब्रुवारी.
गवत आलं. ऑनलाइन मागवलेलं. लग्नाच्या स्टेजवर अंथरतात त्यातलं निघालं, बोटभर उंच. चेंडू ठेवला की दिसत नाही. फायदा असा की जोर लावायची सवय होईल. धुऱ्यावरून पलीकडे घेऊन खिळे ठोकले, वर डिंकही लावला. आता वादळातही हलणार नाही.
काठीही आली. डावखुरी. परत पाठवायला वेळ नाही. लहानपणी मी डाव्या हातानेच गोट्या-कंचे खेळायचो असं आठवतं. जवळजवळ नक्की.

१८ फेब्रुवारी.
भोकासाठी भांडं शोधत होतो. सासूबाईंचा पितळी गडवा नेमका बसला. सिमेंट लावून टाकलं.
शंभर पुट ठरले होते. अकरा झाले. आत एकही नाही. कंबर धरली.

२१ फेब्रुवारी.
नूतन गडवा शोधते आहे. म्हटलं, पाहतो. पाहतो तर मी रोजच.
पुट: चार. ऊन फार.

२४ फेब्रुवारी.
रुचीचा फोन. बाबा, त्यांना खरं सांगून टाका ना. म्हटलं, खरं काय सांगायचं? ग्रीन आहे, काठी आहे. तिने फोन नूतनला द्यायला सांगितला.
नंतर धुऱ्यावर बसून राहिलो. तीनदा बिसेन साहेबांचा नंबर काढला, तीनदा फोन खिशात ठेवला. आता सांगितलं तर ती खोटारड्याची पोरगी ठरते. नाही सांगितलं तर एक मार्च येतोच आहे. भीती वाटते. दुसऱ्या कोणाला सांगणार, म्हणून इथे लिहिलं.

२७ फेब्रुवारी. दुपारी ४.
गारा. मग पाऊस. दोन तास.

२८ फेब्रुवारी.
ग्रीन काठोकाठ भरलं आहे. गवत मधोमध फुगून वर आलं. चाळीस बादल्या उपसल्या, फरक नाही. सुकरामच्या शेतात उन्हाळी धानाची रोवणी, तो उद्याच येणार. नूतन म्हणाली, "फोडा ना तो धुरा." व्याही यायच्या आदल्या दिवशी ग्रीनला भगदाड? शक्य नाही.
निर्णय: मोठ्या मैदानांवर तळी असतात, मुद्दाम ठेवतात. तसंच सांगायचं. शिवाय नागपूरची गाडी लेट होऊ शकते.

१ मार्च, रविवार.
गाडी फक्त दहा मिनिटं लेट. रुचीही आली आहे.
बिसेन साहेब धुऱ्यावर उभे राहून बराच वेळ पाणी बघत होते. मी तळ्याबद्दल सांगितलं. ते हो म्हणाले. तेवढ्यात सुकराम आला, कोणाला न विचारता त्याने धुऱ्यावर फावडं मारलं आणि पाच मिनिटांत पाणी नालीत. मग मला खेळावंच लागलं. चेंडू गडव्याच्या बाजूने गेला, भगदाडातून बाहेर पडला आणि पाण्यामागे नालीत गेला. कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

बिसेन साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "पटले साहेब, पोरीनं पयल्याच दिवशी सांगतलं होतं, बाबाले गोल्फ येत नाही म्हणून. आमचा होकार त्याच्या नंतरचा आहे." नूतनलाही माहीत होतं. मग मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "तुमी ऐकून घेत होते का कोणाचं?"
रुची म्हणाली, त्या दिवशी कालव्याच्या गोष्टी सांगणारे बाबाच त्यांना आवडले होते. मला आधी हलकं वाटलं. मग फार लाज वाटली. पोरीकडे बघवलं नाही.
साक्षगंध एप्रिलमध्ये. सुटलो.

निघताना बिसेन साहेब म्हणाले, एवढं ग्रीन बनवलंच आहे तर वाया कशाला घालवायचं, मी शिकवतो. दर रविवारी, सकाळच्या गाडीने. व्याह्यांना नाही कसं म्हणणार? या ना, म्हणालो.

८ मार्च, रविवार. सकाळी ९.
स्टेशनवर. कंबर कालपासूनच धरली आहे, तसं त्यांना सांगेन. शिवाय या गाडीचं कधीच काही खरं नसतं.
आज पाच मिनिटं आधी आली. त्यांनी उजव्या हाताची काठी आणली आहे, माझ्यासाठी.