आप्पापुढं हात कसा धरायचा

आदरणीय जळबादादा,

धाकट्या भीमराजचा सविनय जयभीम. तुमचा गुडघा अन् वहिनीचा खोकला कसा हाय, हे मला तुमच्या ज्योतीच्या फोनवरून कळतं. तुमच्याकडून कळायची सोय न्हाई. तिच्याच लग्नाच्या पंगतीत तुमी मला "तुला काय कळतं" म्हणालात, मी टेबलावर हात आपटला, अन् दोन वर्सं झाली आपलं बोलणं बंद हाय. तरी हे पत्र फाडायच्या आधी वाचा. परवा मी मरता मरता वाचलो.

कनेरगाव नाक्याजवळच्या आसऱ्यात मी सर्कशीतून सोडवलेले चिंपांझी सांभाळतो, ते तुमाला ठाऊक हाय (तुमी त्याला माकडं राखणं म्हणता). दोघंच हायेत, म्हातारा आप्पा अन् चार वर्सांचा टिंगू. बोलणं सगळं हातवाऱ्यांचं. टिंगू जमिनीवर थापा मारतो, म्हणजे चल, खेळू. कुणी बघितलं न्हाई तर धा-धा वेळा मारील. आप्पा एकदाच हात वर करतो अन् गप वाट बघतो, म्हणजे पाठ खाजव. आमची डॉक्टरीण शीतल मॅडम हे सगळं वहीत टिपून मला वाचून दाखवती. ते ऐकून ऐकून मला वाटलं, आपल्याला बी ही भाषा येती.

परवा सकाळी मी आतली खोली झाडून राहिलो होतो. मधल्या दाराची कडी लावायची राहिली (चूक माझीच, काहून खोटं बोलू). वळून बघतो तर आप्पा उभा, अन् बाहेरचं दार त्याच्या पाठीमागं. जाळीबाहेरून शीतल मॅडम हळूच म्हणाली, "भीमराजभाऊ, हलू नका." गोडीत घ्यावं म्हणून मी खाली बसलो अन् टिंगूवानी जमिनीवर दोन थापा हाणल्या.

तिथंच घात झाला. लेकरानं थाप मारली तर तो खेळ असतो. मोठ्या गड्यानं मारली तर तिचा अर्थ, ये, तुला बघतो. आप्पाच्या अंगावरचे केस उभे राहिले अन् तो डुलत डुलत पुढं यायला लागला. मॅडमच्या हातातली वही खाली पडली.

मग मला आठवलं, खोडी काढल्यावर टिंगू काय करतो. मनगट वाकवून पालथा हात आप्पाच्या तोंडापाशी धरतो, म्हणजे चुकलो. चावला तर बोटं गेली. मी हात पुढं केला. अन् दादा, राग मानू नका, त्या घडीला समोर मला तुमीच दिसलात. आप्पानं हात हुंगला, ओठ टेकवले. केस खाली बसले. मग माझं डोकं मांडीवर ओढून त्यानं पाऊण तास उवा शोधल्या. एक बी सापडली न्हाई म्हणून नाराज होऊन निघून गेला.

बाकी माझी तब्येत बराबर हाय. वहिनीला जयभीम सांगा.

तुमचा धाकटा,
भीमराज

ता.क. येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं डोंगरकड्याला तुमच्या घरी येऊन राहिलो. दारात उभा राहून पालथा हात पुढं करीन. तुमी काही बोलू नका, मला बी बोलता येणार न्हाई.

आणखी ता.क. हुंगायची गरज न्हाई. पण डोकं मांडीवर घेतलंत, तर पाऊण तास मी हलणार न्हाई.