अर्ध्या केळ्याचा सूड

१८ जानेवारी, सकाळी ७.१०
डावा पाय प्लास्टरमध्ये. पिंप्राळ्याच्या फाटकाजवळ स्कूटर घसरली. दोन महिने पलंग. रिमोट ऋतिकाकडे. पोरगी अकरावीत आहे आणि पहाटे साडेपाचपासून ऑस्ट्रेलियातलं टेनिस बघते. बाप म्हणून बोललो. पप्पा, एकदा बघा तरी, म्हणाली. बघितलं.

रशियाची एक बाई खेळत होती. लिदिया मोरोशकिना. वय एकतीस, जगात एकेचाळिसावी. मध्ये ब्रेक झाला. बाई खुर्चीवर बसली, पिशवीतून केळं काढलं, एक-दोन घास घेतले, तोंड वाकडं केलं आणि उरलेलं अर्धं केळं डब्यात टाकून दिलं. कॅमेऱ्यासमोर. अख्ख्या जगासमोर.

मी चोपडा तालुक्यातल्या जीवराम आबांचा मुलगा. तीन पिढ्या केळी. मी जळगावात ठिबकच्या कंपनीत नोकरी करतो, पण अंगात रक्त केळीचंच. आमच्याकडे खाली पडलेलं केळंही कुणी टाकत नाही, गायीला घालतात.

वरून ती बाई मॅच जिंकली.

१८ जानेवारी, सकाळी ७.४०
पण केला. जोवर ही बाई एखाद्या मोठ्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरून घरी जात नाही, तोवर मी केळं खाणार नाही. मोठ्या स्पर्धा वर्षात चार. ऋतिकाकडून खात्री करून घेतली. एकतीस वर्षांची बाई, किती टिकेल? मे महिन्यात पॅरिसला निकाल लागेल. चार महिने केळ्यावाचून काढणं काही कठीण नाही.

नूतनला सांगितलं. ती म्हणाली, बायकोने केलेली भाजी वर्षानुवर्षं ताटात टाकता, तेव्हा कुणी पण केला नाही. बायकांना इभ्रतीच्या गोष्टी कळत नाहीत.

ऋतिकाचं म्हणणं, टेन्शनमध्ये घास उतरत नाही, म्हणून टाकलं असेल. हे कारण मी मानत नाही. बागेवर करपा पडला त्या वर्षी मी दोन्ही वेळ पोटभर जेवलो होतो.

४ फेब्रुवारी
नवी वही काढली. वर लिहिलं, ‘शत्रू’. शत्रूचा अभ्यास केल्याशिवाय सूड होत नाही. जुने सामने मोबाइलवर बघितले. नोंदी : दुसरी सर्व्हिस कच्ची. उजव्या खांद्याला पट्टी. हरायला लागली की डाव्या हाताने वेणी ओढते. तिच्या नावापुढे झेंडा नाही. सगळ्यांना आहे, हिच्यापुढे रिकामा चौकोन. ऋतिकाने कारण सांगितलं, युद्धामुळे. मी म्हटलं, देव बघत असतो.

इन्स्टाग्रामवर तिच्या फोटोखाली इंग्रजीत लिहिलं, केळ्याचा मान राखा, जळगाव जिल्हा तुम्हाला विसरणार नाही. दोन तासांत तिने लाल बदाम पाठवला.

घाबरली.

१९ मार्च
प्लास्टर निघालं. आता थेट कारवाई. तिच्या पुढच्या सामन्यात एक झेक पोरगी होती. तिला सविस्तर मेसेज पाठवला. दुसरी सर्व्हिस, खांदा, वेणी, सगळं. सात मुद्दे. झेक पोरीने मला ब्लॉक केलं आणि सरळ दोन सेटमध्ये हरली. सल्ला न ऐकणाऱ्याचं असंच होतं.

धुळ्याहून साडू रतिलालराव आले होते. नूतनने तोंड उघडलंच. रतिलालराव हसले आणि तिथल्या तिथे जाहीर केलं की आजपासून ते लिदियाबाईंचे फॅन. टेनिसमध्ये जाळी कशाला असते तेही या माणसाला माहीत नाही. मला म्हणाले, हितूभाऊ, ज्या दिवशी तुमची बाई पडेल त्या दिवशी मी धुळ्याहून येऊन स्वतःच्या हाताने तुम्हाला केळं भरवीन.

आता शत्रू दोन झाले.

१० मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)
गावी आलो. उन्हाने डोकं फुटायची वेळ. आबांनी नवीन बागेसाठी सत्यनारायण घातला होता. प्रसादाचा शिरा. शिऱ्यात केळं.

मी नको म्हणालो. शिऱ्यातून केळं वेगळं काढता येईल का, तेही बघितलं. येत नाही. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. आबांना राग आला की ते ओरडत नाहीत, हळू बोलतात. देवना परसाद शे, त्याले नही म्हनू नही, इतकंच म्हणाले आणि उठून बागेत गेले.

आबांना कसं समजवायचं, की हे सगळं त्यांच्याच केळीच्या इज्जतीसाठी चाललंय.

पूजेला केळीचे व्यापारी प्रेमराजभाऊ होते. त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं. उष्माघात झाला असावा.

२७ मे, संध्याकाळ
पॅरिस. पहिली फेरी. आज निकाल लागणार म्हणून ऑफिसात पोटदुखी सांगितली. पहिला सेट बाई हरली. दुसऱ्यात सामना जाण्यापासून एक पॉइंट दूर. वेणी ओढायला लागली. मी मनात म्हटलं, आता सापडलीस.

जिंकली.

ऋतिका म्हणते की शेवटच्या पॉइंटला मी टाळी वाजवली. डास होता.

९ जुलै
विम्बल्डन. क्वार्टर फायनल. पहिल्या फेरीत घालवायला निघालो होतो, बाई पाचव्या सामन्यापर्यंत आली. संताप संताप झाला. तिथे हरली, पण तीन सेट झुंजून. पंचाने एक बॉल चुकीचा दिला होता. उघड उघड अन्याय. पंचाबद्दल वहीत वेगळं पान घातलं.

घसा बसला. नूतनने विचारलं, इतकं कमॉन, कमॉन कुणासाठी चाललं होतं? समोरच्या पोरीसाठी. स्पष्ट आहे.

एक माहिती मिळाली. शत्रूची माहिती ठेवावी लागते म्हणून लिहितो. लिदिया एका कारखान्याच्या गावातली. आई कॅन्टीनमध्ये कामाला. लहानपणी स्पर्धेसाठी दोन-दोन दिवस रेल्वेने जायची आणि आई डब्यात उकडलेले बटाटे द्यायची. आमची आई मला चोपड्याहून जळगावच्या कॉलेजात पाठवताना दशम्या द्यायची.

याने काही फरक पडत नाही.

२९ ऑगस्ट
न्यूयॉर्क. लिदियाचा खांदा गेला. दुसऱ्या फेरीत अर्ध्यात सोडून कोर्टाबाहेर आली, चेहऱ्यावर टॉवेल.

रतिलालरावांचा लगेच फोन. संपला का सूड, केळी घेऊन निघू का? मी त्यांना नियम समजावला. पण केला आहे तो पहिल्या फेरीचा. दुसरी फेरी ती दुसरी फेरी. सूडात सवलत देता येत नाही.

तिला मेसेज केला, खांद्याला हळद आणि कोमट तेल, रात्री झोपताना, न चुकता. शत्रू धडधाकट असावा. लंगड्याला पाडण्यात कसली मर्दुमकी.

लाल बदाम आला नाही. दुखत असेल.

११ नोव्हेंबर
मोठा गोंधळ. गावाकडे बाग कटाईला आली. घड भरलेले, एकेक उचलताना दोन माणसं लागावीत. आणि प्रेमराजभाऊ माल उचलायला तयार नाहीत. मालक सोता खात नही, म्हंजे काहीतरी औषध मारेल शे, असं त्यांनी चावडीवर सांगितलं. आखाजीचा शिरा त्यांच्या डोक्यात बसलाय. दुसरे व्यापारीही फिरकेनात. मी जळगावहून पळत गेलो. प्रेमराजभाऊंनी बागेतच पिकलेली फणी समोर धरली आणि म्हणाले, एक खा, उद्या सकाळी गाडी लावतो.

आबा बाजूला उभे होते. नुसते माझ्या हाताकडे बघत होते.

मी केळं हातात घेतलं. सोललं. मग पॅरिस आठवलं, तो एक पॉइंट आठवला. दहा महिन्यांचा पण असा मोडायचा? केळं परत ठेवलं आणि प्रेमराजभाऊंना खरं कारण सांगितलं. रशिया, अर्धं केळं, पहिली फेरी, सगळं.

ते बांधावर बसून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते सोललेलं केळं स्वतःच खाल्लं आणि म्हणाले, माल चांगला शे, पोऱ्याच बिघडेल शे. गाडी लावली.

आबा मात्र तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या बागेपेक्षा मी ती बाई मोठी धरली, असं आईजवळ म्हणाले. माझ्या वैरिणीला मी मोठं कसं धरेन?

२४ नोव्हेंबर
प्रेमराजभाऊंनी सगळ्या तालुक्यात पसरवलं. चोपड्याच्या स्टँडवर उतरलो तर पानवाला विचारतो, बाई हारनी का? रसवंतीवाला विचारतो, बाई हारनी का? आबा म्हणाले, बठ्ठं गाव हासी राह्यनं. निदान बोलले तरी.

हसू देत. जानेवारीत मेलबर्न आहे. तेव्हा तोंडं बंद करतो एकेकाची.

३ डिसेंबर
लिदियाने जाहीर केलं. खांदा साथ देत नाही. मेलबर्न ही शेवटची स्पर्धा. नंतर निवृत्ती.

म्हणजे पहिल्या फेरीत हरली नाही तर कधीच हरणार नाही. केलेला पण आयुष्यभर माझ्या गळ्यात. आणि हरली तर... तर उत्तमच.

पळून चालली आहे. माझ्या सूडाला घाबरून. वर्षभर मागे लागलो त्याचा हा परिणाम. खरं तर मला आनंद व्हायला पाहिजे. होईल, उद्यापर्यंत.

रात्रीचं जेवण नको म्हणालो. नूतन म्हणाली, एखादी पोरगी सासरी चाललीय असं तोंड झालंय तुमचं. बायकांना इभ्रतीच्या गोष्टी कळत नाहीत, हे आधी लिहिलंच आहे.

१४ जानेवारी, संक्रांत, पहाटे ५.१५
आबा कालच गावाहून आले. सोबत नवीन बागेतली पहिली पिकलेली फणी. घे, बाई हारनी का खाजो, म्हणाले. फणी टीव्हीशेजारी ठेवली आहे. वास सगळ्या घरात सुटलाय. पंधरा मिनिटांत सुरू. वही, पेन, चष्मा तयार. आज वर्षाचा हिशेब चुकता.

१४ जानेवारी, सकाळी ७.३०
६-२, ६-१. हरली.

दुसऱ्या सेटमध्ये खुर्चीवर बसली. पिशवीतून केळं काढलं. मी ओरडलो, खा बाई, ताकद येईल, पूर्ण खा. आबांनीही मान पुढे काढून बघितलं. तिने एक घास घेतला. तो गिळायला तिला किती वेळ लागला. उरलेलं केळं तिने टाकलं नाही. टॉवेलात नीट गुंडाळून पिशवीत ठेवलं.

शेवटचा पॉइंट जाळीत. ती जाळीपाशी गेली, समोरच्या पोरीच्या गळ्यात पडली, मग कोर्टाच्या मधोमध येऊन खाली वाकली आणि जमिनीला हात लावला. आबा कापणी झालेल्या बागेत लावतात तसा. नावापुढे तो रिकामा चौकोन शेवटपर्यंत रिकामाच.

सूड पूर्ण झाला.

रतिलालरावांचा फोन आला, वाजून वाजून थांबला. मग दोनदा परत आला.

१४ जानेवारी, सकाळी ८.००
आबांनी फणीतलं एक केळं तोडून हातात दिलं. घे, आते तरी खाई ले. नूतन, ऋतिका, आबा, सगळे माझ्याकडे बघत उभे. जळगाव जिल्ह्यात यंदा याच्यापेक्षा चांगलं केळं पिकलं नसेल. ठिपकेदार साल, आत पिवळंधमक.

एक घास घेतला. दुसराही घेतला. पुढे उतरेना. बराच वेळ हातात धरून बसलो आणि मग अर्धं केळं ताटाच्या कडेला ठेवून दिलं. ऋतिकाने माझ्याकडे बघितलं आणि टीव्ही बंद केला. नूतनने ते अर्धं केळं उचललं आणि गायीच्या डब्यात टाकलं.

केळ्यात काही दोष नव्हता, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. घशालाच काहीतरी झालंय. सोमवारी डॉक्टरला दाखवतो.