गोळी घेतलीत का?

५ जानेवारी
लागले एकदाची कामाला. इंटर्नशिपच आहे, पण गावी आईला फोन करून मी सरळ 'नोकरी' म्हणून सांगून टाकलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

काम असं, की रोज सकाळी म्हाताऱ्या माणसांना फोन करून औषधांची आठवण करायची. नमस्कार, ताई बोलतेय, गोळी घेतलीत का? या ताई म्हणजे ऑफिसातल्या जुन्या बाई; वर्षानुवर्षं हे फोन त्या एकट्याच करत आल्या आहेत. आता त्या थकल्यात. नवा आवाज आला की म्हातारे बिथरतात, गोळ्याच घेत नाहीत. म्हणून मी हुबेहूब ताईंसारखं बोलायला शिकायचं. मार्चअखेर कुणाला फरक कळला नाही, तर नोकरी पक्की. शिवाय घरच्या एका माणसाला ही सेवा फुकट. आईला दिसत नाही, तिच्या गोळ्या सारख्या चुकतात. मी आजच तिचं नाव देऊन ठेवलं.

माझा आवाज म्हणजे फाटका बांबू. आई म्हणते, तू जिन्यात खोकलीस तरी ओळखेन. बघू या, या बांबूची बासरी होते का.

१६ जानेवारी
ताई समोर बसतात, कानाला दुसरा हेडफोन लावून. मी बोलते तेव्हा त्यांचे ओठ हलतात. 'आजोबा' म्हणताना श्वास कुठे घ्यायचा, खोकला आला तर हसण्यात कसा झाकायचा, सगळं ओठांनीच शिकवतात. डबा उघडला की अर्धा माझ्याकडे सरकवतात. माणूस प्रेमळ आहे.

साहेब काचेपलीकडून नुसता अंगठा दाखवतात. मनातल्या मनात मी त्यांना अंगठासाहेब म्हणते. आज एक आजोबा म्हणाले, ताई, सर्दी झालीय का? मागच्या आठवड्यात त्यांनी फोन आपटला होता. म्हणजे गाडी रुळावर आहे.

४ फेब्रुवारी
आज कुणीच काही विचारलं नाही. अंगठा वर.

जेवताना मी मीठ मागितलं, तर हिशेबनीस बाई मान वर न करताच म्हणाल्या, घ्या ना ताई. मला इतका आनंद झाला की खोलीवर येऊनही त्याच आवाजात गुणगुणत बसले. ताई मात्र आज जेवल्या नाहीत. त्यांचे ओठही हलत नाहीत आता. मी करते आणि त्या बघत राहतात.

२६ फेब्रुवारी
आईला फोन केला. तिने विचारलं, कोण पाहिजे? मी म्हटलं, अगं, चिमणी बोलतेय. ती म्हणाली, बाई, थट्टा करू नका, माझ्या लेकीचा आवाज मला कळतो. फोन ठेवला.

न्हाणीघरात नळ सोडून ओरडले. ओरडणंही गोड आलं. आईच्या शेजारच्या काकूंना मेसेज केला, आईला सांगा, माझा घसा बसलाय. मला भीती वाटतेय.

१० मार्च
ताई आता बोलतच नाहीत. मी विचारलं, माझा आवाज परत कसा येईल? त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि डबा पुढे सरकवला.

सोडून जावं का? पण इथवर येऊन— आणि आईच्या गोळ्या?

३१ मार्च
पक्की झाले. ताईंना निरोप दिला.

दारात त्या बोलल्या. आवाज कोवळ्या मुलीचा, जरासा तोतरा. म्हणाल्या, हा माझा, आज सकाळी परत आला. रडत होत्या, आनंदाने. माझा कधी येणार, विचारलं. म्हणाल्या, तुझ्याकडून कुणी शिकेल तेव्हा. मुली येतात, घाबरून पळतात. माझे केस पिकले वाट बघून. तू हुशार निघालीस.

२ एप्रिल
आज आईला फोन लावायचा होता. ठरवून बसले होते, सगळं सांगायचं.

आलं ते एवढंच, नमस्कार, ताई बोलतेय, गोळी घेतलीत का?

घेतली म्हणाली. मग म्हणाली, ताई, माझी लेक तुमच्याच ऑफिसात आहे. फोनच करत नाही हो. तिला सांगाल?

मी म्हटलं, सांगते हं, आजी.

आजी म्हटलं मी तिला—

९ एप्रिल
आई वाट बघते फोनची. ताईच्या. म्हणते, पोटच्या पोरीपेक्षा तुम्ही—

१२ एप्रिल
गावी आलेय, आईकडे. चपला काढल्या तेव्हाच आई म्हणाली, चिमणे, आलीस? पावलं ओळखली. तोंडावरून हात फिरवला. मी वही उघडून बसले.

विचारतेय, बोलत का नाहीस. घसा अजून बसलेलाच का? पेनाचा आवाज ऐकतेय. शेजारी येऊन बसली, माझा डावा हात घट्ट धरून. घाबरलीय. एक शब्द बोल म्हणते—

एकच. 'आई'. हा ताईंनी शिकवलेला नाही. फोनवर लागतच नाही. हा तरी माझाच असेल—

बोलले.

हात सोडला तिने. भिंतीकडे सरकतेय. घेतली म्हणतेय, घेतली हो ताई, गोळी घेतली, पण माझी चिमणी कुठे—